ओरा जिंकेल की तुझा मासा

फोनवर तू विचारलंस,
"बाबा, ओरा जिंकेल की तुझा मासा?"
पुढचे दोन दात पडल्यापासून
तुझ्या 'मासा'मधून शीळ निघते.
गिजांगचं घड्याळ कोमोडोच्या तासभर पुढे,
म्हणजे उत्तर माझ्याकडे आधी पोचायला हवं होतं.
नाही पोचलं.
कप्तान प्यो ओरडला, दोर आला,
मी फोन पिशवीत कोंबला.

आता बोलून ठेवतोय. उद्या ऐक.

मासा म्हणायचं म्हणून म्हणायचं, मरदिया.
खवला नाही, काटा नाही, जबडा तर नाहीच.
तोंड म्हणजे एक भोक, भोवती मिशांचे कोंब,
डोळ्यांच्या जागी दोन फिकट डाग.
तळाच्या चिखलात राहतो,
मेलेल्या माशात शिरतो
आणि आत बसूनच जेवतो, घरच्यासारखा.
आम्ही नळकांडी सोडतो, आत कुजकी सार्डिन.
आत जायला दार आहे, बाहेर यायला नाही.
(असलं दार मला ठाऊक आहे.
माझा पासपोर्ट प्योच्या कपाटात असतो.)

ओराचं मी तुला काय सांगू,
तुझ्याच घराच्या खांबांखाली येऊन पडते ती.
पिवळी दुभंगलेली जीभ
आधी वारा चाखते, मग आपल्याला.
गेल्या रमजानात आजोबांची शेळी
तिनं झाडाच्या बुंध्याला रेटून रेटून गिळली,
शिंगांसकट,
तू शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू केलंस.
आजोबांनी दगड उचलला
आणि खाली ठेवला.
बहिणीला कोण दगड मारतं?
आपल्या पहिल्या आईला जुळं झालं,
एक बाळ, एक ओरा,
एवढं तर तुला पाठ आहे.

बरं, समज झुंज लागली.
ओरा आ वासून येणार. चावणार.
मासा पळणार नाही, दातओठ खाणार नाही,
खायला दात हवेत, ओठ हवेत.
तो फक्त शेंबूड सोडणार.
हसू नकोस. एवढासा जीव, बादली भरते.
शार्कचेसुद्धा कल्ले तुंबतात म्हणे,
तोंडातला घास थुंकून पळतो.
मग हा स्वतःच्याच अंगाची गाठ मारतो,
गाठ शेपटीकडून डोक्याकडे सरकवतो
आणि सगळा चिकटा पुसून मोकळा.

पहिल्या महिन्यात मला ओकारी यायची.
मग प्योनं पगार कापला.
चावावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू,
आपलं रक्तच त्या बहिणीचं.
पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला
आणि रात्रभर त्या बादलीपाशी बसलो.
आत एकजण गाठ मारत होता, सोडवत होता,
मारत होता.

धक्क्यावर ऊ मालजा हे मासे पेंढ्याच्या जाळावर भाजते.
काळं पडलेलं कातडं नुसत्या बोटांनी सोलते.
तोंडात एक दात नाही.
तिला मी तुझा प्रश्न हातवारे करून सांगितला,
ओरा झालो, चार पायांवर चाललो,
शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.
ती हिरड्यांनी खूप हसली,
मग ताटली माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "खा."
कोरियनमधला हा शब्द मला येतो.

तर निकाल असा,
त्या दोघांची गाठच पडायची नाही.
तुमच्या गवतात मासा वाळेल,
इथल्या तळाशी ओरा बुडेल.
दोघांना जवळून ओळखणारा
बहुतेक मी एकटाच,
आणि मला कुणी विचारत नाही. तू सोडून.

या माशाच्या कातड्याची पाकिटं करतात इथं.
एक घेतलंय, मऊ आहे.
आईला म्हणावं ते दोन दात छपरावर टाकू नकोस,
मी आलो की यात ठेवू.
कधी ते अजून

थांब. दोर आला.